गणिताऐवजी भूगोल

मागच्या महिन्यात कपाट आवरताना जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात एक झेरॉक्स कागद सापडला. वर मधोमध ‘विषयबदलाचा अर्ज’. खाली लिहिलेलं: मी गणिताऐवजी भूगोल हा विषय स्वखुशीने घेत आहे, याबद्दल माझी व पालकांची काही तक्रार नाही. मोकळ्या जागा तीनच होत्या, नाव, हजेरी क्रमांक आणि सही. अक्षर लुंकड सरांचं होतं. त्यांचं अक्षर इतकं सुरेख की झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून शब्द फिकट झाले तरी वळण गेलं नव्हतं. सरांना जाऊन आता वर्ष होईल. तो कागद मला फाडवेना आणि ठेवावासाही वाटेना. शेवटी परत गठ्ठ्यात घातला.

मी धडगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागलो तेव्हा सुभाष लुंकड तिथे गणिताचे सर होते. घर विसरवाडीचं, राजस्थानातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांचं. हमरस्त्याला लागून त्यांचं कापडाचं दुकान. गादीवर थोरला भाऊ बसला आणि हे गणितात एमएस्सी करून सातपुड्यात चढले. धडगावला एका खोलीत एकटे राहायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली आणि चष्म्याच्या डबीत खडू. चष्मा मात्र खिशात सुटा, त्यामुळे काचेवर कायम ओरखडे. एकदा मी म्हटलं, सर, डबी चष्म्याची आहे. म्हणाले, “चष्मा फुटला तर शहाद्याला मिळतो. खडू फुटला तर तास जातो.”

सूर्यास्तानंतर ते अन्नाला शिवत नसत. हिवाळ्यात आम्ही स्टाफरूममध्ये पाचच्या चहाला बसलो की ते डबा उघडत. दोन पातळ पोळ्या आणि बटाटा नसलेली कुठलीही भाजी. घड्याळाकडे एक डोळा आणि खिडकीतून डोंगरावरच्या उन्हाकडे दुसरा. कितीही काम असो, ही वेळ त्यांनी चुकवलेली मी पाहिली नव्हती.

आता त्या अर्जाबद्दल. आमच्याकडे अकरावी सायन्सला चाळीसेक पोरं गणित घेऊन येत. बहुतेक डोंगरातली, घरी पावरी बोलणारी, कुणी भिली. बारावीला जाईपर्यंत अर्धी गळपटत. नापास झालं की वर्ष जातं, वसतिगृहातली जागा जाते, आणि एकदा घरी गेलेलं पोर परत घाट चढून येत नाही. म्हणून लुंकड सरांनीच, माझ्या येण्याच्या कितीतरी आधी, हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. बुडण्यापेक्षा काठाने गेलेलं बरं, असा सरळ विचार. त्यात खोट नव्हती. पण पुढे हेडक्लार्क नानांनी त्याच्या शंभर झेरॉक्स काढून ठेवल्या आणि बारावीचा जुलै उजाडला की ज्याला चाचणीत कमी गुण त्याच्या हातात अर्ज, असा रिवाजच पडून गेला. शेवटी गणिताला उरायची पाच-सहा पोरं. ती सगळी पास व्हायची. प्राचार्य फाटकावर फलक लावायचे, ‘गणित : निकाल १००%’, आणि खाली लुंकड सरांचं नाव.

माझ्या मराठीचं मात्र दरवर्षी रडगाणं. ज्या विषयाला ‘त्यात काय अभ्यास करायचा’ असं जग म्हणतं, त्यात आमची पोरं नापास व्हायची. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणायचे, “पाटील सर, गणितासारखा अवघड विषय शंभर टक्के, आणि मराठीत पोरं राहतात? लुंकड सरांकडून जरा शिका.” मी शहाद्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा माणूस. प्रमाण मराठी मीसुद्धा शाळेतच शिकलो, त्यामुळे त्या पोरांचं दुखणं मला कळायचं. पण निकालाच्या कागदावर दुखण्याला रकाना नसतो. त्या काळात मला लुंकड सरांचा राग यायचा, हे कबूल करतो. शंभर टक्केवाला माणूस शेजारच्या खुर्चीत बसला की डबासुद्धा गोड लागत नाही.

मग ती जीप आली. एका शनिवारी लुंकड सर आणि मी शेअर जीपने खाली उतरत होतो. घाटात दरड कोसळलेली, गाड्या अडकलेल्या. आमचा ड्रायव्हर दिलीप वळवी, पंचविशीतला, स्टिअरिंगवर कोपर टेकून बसला होता. सरांनी सहज विचारलं, हा चढ फार आहे का रे?

“शंभर पावलांत बारा पावलं चढ आहे सर. पुढच्या वळणाला चौदा होतो. तिथे दुसऱ्या गिअरला जीव टाकते गाडी.”

सर पुढे सरकले. “हे तू कसं काढलंस?”

“मागच्या वर्षी अशीच दरड पडली होती. बसून काय करू? दोरी लावली, काठी लावली, मोजलं.”

“शिकला आहेस कुठे?”

दिलीप हसला. “सर, तुम्ही मला वळखलं नाही. तुमच्याच वर्गात होतो. अकरावीला.”

“मग गणित का सोडलंस?”

“तुम्हीच कागद दिला ना. भूगोलाचा.”

त्याच्या बोलण्यात कुरबूर नव्हती, आणि तेच वाईट होतं. शहाद्याला उतरताना सर मला म्हणाले, “पाटील सर, माझे वडील दुकानात एकच गोष्ट शिकवायचे. आत आलेलं गिऱ्हाईक सगळ्यांनाच दिसतं, म्हणायचे, रस्त्याने पुढे निघून गेलं ते बघ. मी इतकी वर्षं आत आलेलीच बघत बसलो.”

तेव्हापासून सरांना ती खोड लागली. बारावीच्या वर्गात हजेरी घ्यायची ती अकरावीच्या जुन्या पटावरून. समोर सहा पोरं आणि नावं चाळीस. “सुनील तडवी.” पोरं म्हणायची, सर, तो गणितात नाही आता. “मला माहीत आहे. कॉलेजात आहे का?” आहे सर. “बरं.” पुढचं नाव. पोरं तोंड दाबून हसायची. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना. त्या वर्षीच्या फलकापाशी तर सर खडू घेऊनच उभे राहिले आणि १००% च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं : बसले सहा, बसू न दिलेले चौतीस. नानांनी धावत जाऊन ते ओल्या फडक्याने पुसलं.

त्याच दिवशी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पाटील सर, तुमचा निकाल खरा आहे हो. मराठी कुणाला सोडता येत नाही, सगळे बसतात. माझा निकाल म्हणजे नुसती चाळणी आहे.” माझ्या सबंध नोकरीत मराठीच्या निकालाचं झालेलं हे एकमेव कौतुक. ते कौतुक होतं की माझं सांत्वन, हे मला त्या दिवशीही कळलं नाही.

पण खोड लागली म्हणून वाट सापडली असं नव्हतं. सर उलट जास्तच गोंधळले. अर्ज बंद करावेत, तर पोरं बुडतील. चालू ठेवावेत, तर दिलीप. मला विचारायचे, “गणिताचा पेपर अवघड आहे की सोपा, तुम्ही सांगा.” मी म्हणायचो, मला काय माहीत, मी मराठीचा. “मी गणिताचा आहे, मलाही माहीत नाही. माझ्याकडे जे पास झाले त्यांचेच आकडे आहेत. ते तर म्हणणारच की सोपा होता.” वर्तमानपत्रात निकालाच्या दिवशी यायचं, यंदा अमुक विषय सोपा गेला. सर ती बातमी कात्रीने कापून खिशात ठेवायचे आणि दिवसभर अधूनमधून काढून बघायचे.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना रवीना पावरा हा प्रश्न त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. नर्मदेकाठची मुलगी, मणिबेलीच्या वरच्या अंगाची. घरून निघायची ती होडीने, मग पायी, मग जीप. बारावीच्या गणिताच्या पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी चार. नानांनी कागद पुढे केला. तिने तो सावकाश वाचला आणि परत दिला.

“मी सही नाही करणार.”

नाना तिला घेऊन स्टाफरूममध्ये आले. मी तिथेच होतो. नाना सरांना अहिराणीत म्हणाले, “सर, तुम्हीच समजाडा हिले. नापास व्हयनी तर होस्टेल जाई, आन् बाप लगेच लगीन लाई दी. मंग जिंदगीभर तुमले बोल लावी.”

“कसाले नाना,” सरही अहिराणीतच म्हणाले, “बोल ते मालेच लागाले पायजेत. कागद मन्हाच शे.” कागद त्यांच्याच हातचा होता. मग तिच्याकडे वळून, “तुला गणित कशाला हवं आहे?”

ती थांबून थांबून बोलली. आईचं माहेर मणिबेलीचं, ते घर आता धरणाच्या पाण्याखाली. आजोबा सांगायचे, मोजणीवाले आले, तीन पायांच्या यंत्रातून बघितलं, दगड रोवला आणि म्हणाले पाणी इथवर येणार. आजोबांना जन्मभर कळलं नाही की दगड तिथेच का, दोन हात खाली का नाही. “मला ते यंत्र शिकायचंय. त्याला गणित लागतं म्हणे.”

सर म्हणाले, लागतं.

“मग मी नापास होणार का सर?”

कुठलाही मास्तर इथे काहीतरी धीर देणारं बोलला असता, नाहीतर भीती घातली असती. सरांनी खडूची डबी मिटली आणि म्हणाले, “मला माहीत नाही, बाळ. तुझ्यासारखं कुणी बसलंय कुठे आजवर, मी बघायला?”

मला ते उत्तर आवडलं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीसमोर मास्तरानेच हात टेकले तर तिने कुणाकडे बघायचं? मी नंतर तसं बोललोही. सर म्हणाले, “खोटं सांगायचं तर फलक आहे की फाटकावर.”

रवीनाने सही केली नाही हे वसतिगृहात कळलं आणि तिच्यामागे आणखी बारा जणांनी अर्ज कोरे परत केले. नानांनी कपाळाला हात लावला. त्या वर्षी गणिताला एकोणीस जण बसले. सर पहाटे साडेसहाला वर्ग उघडायचे. फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, “उत्तर आलं? आता दुसऱ्या वाटेने जा आणि तेच गाव लागतं का बघ.” बाकीची पोरं कंटाळा करायची. रवीना मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या वाटेने जायची. थंडीत शाल गुंडाळून, ओठ हलवत, पावरीत काहीतरी पुटपुटत. डिसेंबरपर्यंत ती चारावरून अकरावर आली होती.

निकाल लागला. एकोणीसपैकी अकरा पास. आमच्या कॉलेजात इतकी पोरं गणितात कधीच पास झाली नव्हती. आणि टक्के निघाले अठ्ठावन्न. फाटकावर फलक लागला नाही. आठ नापासांत एक नाव रवीनाचं होतं, सहा गुणांनी.

सरांना लेखी खुलासा मागितला गेला, गणिताचा निकाल एवढा घसरण्याची कारणे द्या. सरांनी त्याच सुरेख अक्षरात उत्तर दिलं : ‘यंदा पूर्वीपेक्षा जास्त मुले पास झाली, त्यामुळे निकाल कमी लागला. पूर्वीपेक्षा जास्त मुले नापासही झाली, त्याची जबाबदारी माझी आहे.’ प्राचार्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी तो कागद तीनदा वाचला. दोन्ही वाक्यं खरी होती. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे मला समजतं आणि पुन्हा निसटतं.

सरांना त्या अकरांचा आनंद झाला का? मला दिसला नाही. ते रवीनाच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवून बसले होते. आली तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर पसरली. तीन मोठी उदाहरणं तिने पूर्ण बरोबर सोडवली होती, आणि मग प्रत्येकाखाली रेघ मारून तेच उदाहरण दुसऱ्या रीतीने पुन्हा सोडवलं होतं. तेही बरोबर. शेवटची चार पानं कोरी. वेळ संपला होता.

“दुसऱ्या वाटेने गेली,” सर म्हणाले. “गुण एकाच वाटेचे मिळतात, हे मी सांगितलंच नाही तिला.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इतकी वर्षं त्यांच्यावर मनात चिडत आलो होतो, त्या सगळ्याची मला तेव्हा लाज वाटली. पेपर अवघड होता म्हणावं तर तिला तो येत होता. सोपा होता म्हणावं तर ती नापास झाली होती.

वसतिगृहाची जागा गेली. रवीनाचा बाप न्यायला आला तेव्हा सरांनी त्याला आपल्या खोलीवर नेलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की जुलैत पुन्हा परीक्षा असते, तेवढी होऊ द्या, चूक पोरीची नाही, माझी आहे. मास्तर आपली चूक सांगतोय हे बापाला बहुधा नवीन होतं. त्याने पोरीला धडगावात एका नातलगाकडे दोन महिने ठेवलं. सर जूनअखेरीस निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ, भाषणं झाली, त्यात शंभर टक्क्यांच्या जुन्या वर्षांचा उल्लेख सगळ्यांनी केला आणि शेवटच्या वर्षाचा कुणी केला नाही. तरी सर विसरवाडीला गेले नाहीत. जुलैपर्यंत सकाळी साडेसहाला त्यांच्या खोलीत दोन वह्या उघडलेल्या असायच्या.

रवीना त्या वेळी बेचाळीस गुणांनी पास झाली, हे मी इथेच सांगून टाकतो. पुढे तिने डिप्लोमाला प्रवेश घेतला, आणि आता तीन पायांच्या यंत्रामागे उभी असते. सर गेल्याचा फोनही मला तिनेच केला होता. पण कॉलेजच्या निकालात ती आजही नापासच आहे. जुलैचे पास मार्चच्या टक्क्यांत मोजत नाहीत.

मला सरांचं शेवटचं दर्शन झालं ते त्या जुलैच्या परीक्षेच्या दिवशी, शहाद्याच्या केंद्राबाहेर. सुट्टीवर घरी होतो, म्हणून गेलो. पेपर तीन ते सहा. सर फाटकासमोर कडुनिंबाखाली उभे, हातात डबा. जवळ बसायला पार होता, पण ते बसले नाहीत. सहाची घंटा झाली. मी म्हटलं, सर, खाऊन घ्या, दिवस मावळेल. म्हणाले, तिला येऊ द्या.

ती आली. सरांनी पेपर कसा गेला म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, “दुसऱ्या वाटेने गेलीस?”

“नाही सर. एकदाच केलं सगळं. शेवटपर्यंत पोहोचले.”

“बरं केलंस,” सर म्हणाले. पण चेहरा आपलंच काहीतरी हरवल्यासारखा झाला. तिलाही ते दिसलं असावं. तिने प्रश्नपत्रिकेची घडी उलगडली. मागच्या बाजूला पेन्सिलने आकडे लिहिले होते.

“सर, चार बाक रिकामे होते, पोरं आलीच नाहीत. बाकांवरचे नंबर लिहून आणलेत.”

सरांनी खिशातून चष्मा काढला, ओरखड्यांतून ते चार आकडे पाहिले. मग डबा तिच्या हातात दिला. “तू खा. सकाळपासून उपाशी असशील. पाटील सर, तिला जीपमध्ये बसवून द्या.”

मी तिला घेऊन स्टँडकडे निघालो. जीप भरली तेव्हा ऊन फक्त झाडांच्या शेंड्यांवर उरलं होतं. परतताना मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. फाटक लावून घेत होते. सर आत जाऊन वॉचमनशी बोलत होते, प्रश्नपत्रिका उजेडाकडे धरून. वॉचमन मान हलवत होता, ते नंबर कुणाचे हे त्याला माहीत नव्हतं. दिवस मावळला होता आणि सर जेवले नव्हते. मी हाक मारली. त्यांनी हात वर करून मला थांबायला सांगितलं आणि दुसरा नंबर वाचायला घेतला.